न पाठवलेला फोटो

१

कोंडाजीचं दहावं झालं होतं, तेरावं अजून व्हायचं होतं, आणि त्याची बायको गोदू एकटीच एसटीनं कॉलेजात येऊन सल्ला केंद्राच्या दारात उभी राहिली. सुतकातली बाई घराबाहेर पडत नाही, पण ती पडली होती. यावरून काय ते समजा.

सल्ला केंद्र हे नाव जरा जास्तच झालं. खोली होती प्रयोगशाळेच्या मागची, पूर्वी तुटकी बाकं ठेवायची. भाविका मॅडमनी बाकं हलवली, दोन संगणक मांडले आणि संख्याशास्त्राच्या पोरांना सांगितलं, पुस्तकं मिटा आणि खऱ्या माणसांची खरी कामं करा. मग मुरुडचा लॉजवाला आला, गिऱ्हाईक परत का येत नाही म्हणून. पोल्ट्रीवाला आला, पिल्लं का मरतात म्हणून. चुकतमाकत पोरं शिकत होती. मॅडमचा पहिला धडा एकच होता. येणारा माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं, तर आधी नीट ऐका.

त्या दिवशी खोलीत तेजस्वी एकटी होती. तळा गावची पोरगी, बोलायला फटकळ, कामाला वाघ. तिनं खुर्ची पुढे केली. गोदू बसली नाही.

"तुमी येनार होतात," गोदू म्हणाली. "न्हाय आलात. म्हनून मीच आले."

तेजस्वीला वाटलं, काकी भेटायला येण्याबद्दल बोलतेय. मयताच्या घरी कॉलेजातून कुणीच गेलं नव्हतं, ही गोष्ट खरी होती. ती ओशाळली.

"चुकलंच काकी. यायला हवं होतं."

गोदूनं मान हलवली. मग पदराचं टोक मुठीत धरून विचारलं, "बाय, तुमच्या आकड्यांतनं कळंल का, की माझा मानूस बांधावर झोपला नव्हता?"

२

झालं होतं ते असं. वेळूखार गाव खाडीच्या काठावर, गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात पाणी सोडायला एक दार, त्याला उघाडी म्हणतात. कोंडाजी त्या बांधाचा राखणदार. त्याच्या आधी त्याचा बाप होता, त्याच्या आधी आजा. धुळवडीच्या दुपारी, सगळं गाव रंगात असताना, उधाणाची भरती भरली आणि बांधाला खांड पडली. हे एवढं भगदाड! खारं पाणी शेतात घुसलं, आणि कोंडाजी त्या पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडला.

आता जमीन खारवली ती पुढची काही वर्षं भात देणार नाही. गाव रडलं, आणि रडून झाल्यावर चिडलं. चिडलेल्या गावाला कुणीतरी लागतं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे तो सगळ्यात सोयीचा.

हे सगळं भाविका मॅडमनी तेजस्वीकडून ऐकलं. बांधाचा प्रकल्प त्यांच्याच केंद्राचा होता. उघाडीच्या खांबावर त्यांनी पट्टी रंगवून घेतली होती. दिवसाउजेडी भरती भरली, की कोंडाजीनं त्या पट्टीचा फोटो काढून पाठवायचा, केंद्रातल्या निकेतनं त्यावरून आकडा लिहायचा, असं गणपतीपासून चाललं होतं.

"निकेत त्या प्रकल्पात होता, मीही होते," मॅडम म्हणाल्या. "तू नव्हतीस, म्हणून हे काम तुझं. जे निघेल ते आधी काकींना सांगायचं, मग मला."

"आणि तुम्हाला न आवडणारं निघालं तर?"

"तरीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी तेजस्वी वेळूखारात उतरली. बांधावर बघते तर काय, दूरच्या वळणावर बांध असा तुटलेला, जशी भाकरी मोडावी. आत शेतात पाणी उभं, वर मिठाची साय धरायला लागलेली. बघवेना तिला.

बांध समितीचा अध्यक्ष धनेश तिला देवळापाशी भेटला. त्याचे दोन ट्रक, उरणला धंदा, बोलणं निम्मं मुंबईचं.

"बघा ताई, मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण तो टायमाला बांधावर नसायचा, हे आम्हाला आधी माहीत असतं तर आम्ही दुसरा माणूस ठेवला असता."

"नसायचा हे कशावरून?"

"तुमच्याच फोटोवरून! ग्रुपमध्ये आम्ही पण होतो. उधाण आलं की ह्याचा फोटो गायब. उधाणाला राखणदार हवा, तर तेव्हाच हा गायब. पिऊन पडत असेल, नाहीतर विनेशबरोबर मासे धरत असेल. पाडव्याला देवळात बैठक आहे. खांड त्याच्या हयगयीनं पडली असं लिहून घेणार, आणि नारळाचा मान त्या घराकडून काढणार."

नारळी पुनवेला उघाडीवर पहिला नारळ राखणदाराच्या घरचा फुटायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. गोदूकडे आता तेवढंच उरलं होतं. तेजस्वीला आत्ता कळलं, की बाई सुतकात एसटीत का बसली.

"उधाणाला सगळं गाव पाळीनं बांधावर जातं ना, भाऊ? माझ्या आजोळी जायचं."

"जायचं पूर्वी. ह्या माघापासून बंद केलं."

"का?"

धनेश तिच्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागला. "अहो, तुमच्याच कॉलेजनं अहवाल दिला ना! बांधाला धोका नाही म्हणून."

३

विनेशचं तळं गावाच्या कडेला होतं. तळ्यात जिताडे मासे. या भागात पाहुणा मोठा असला की ताटात जिताडा लागतो, आणि कामाचा साहेब असला की जिताडा त्याच्या घरी जातो. विनेश दोन्हीकडे पुरवायचा. माणूस एरवी भलताच हसरा, पण आज हसत नव्हता.

"माझ्यावर पण घेतायत ना लोक? घेऊ दे. व्हय, कोंडाजीदादा माझ्यासाठी उघाडी किलकिली करायचा. खाडीतनं पिल्लं आत यायची, मी तळ्यात सोडायचो. चोरी न्हाय ती, गावाला ठाऊक हाय."

"कधी करायचा?"

"पावसाळ्यात. दसऱ्यापर्यंत फार तर. त्याच्यानंतर खाडीत पिल्लू दिसत न्हाय." त्यानं तळ्यात एक खडा टाकला. "शेवटी शेवटी दादा येतच नसे इकडं. हात बघितले का त्याचे? चिरा पडल्या होत्या बोटांना. विचारलं तर म्हनायचा, खेकड्यांनी वात आनलाय."

तेजस्वीनं ऐकलं आणि नीट लक्षात घेतलं नाही. होतं असं कधीकधी.

परत येऊन तिनं संगणकावर बांधाच्या नोंदी उघडल्या. धनेश म्हणत होता उधाणाचे फोटो गायब, म्हणजे तिथे रिकामी घरं दिसायला हवीत. एकही रिकामं घर नव्हतं! गणपतीपासून प्रत्येक तारखेपुढे आकडा, कसा छान नीटनेटका. म्हणजे धनेश खोटं बोलतोय? फोटो येत होते, आणि हा नाही म्हणतो?

ती खाली खाली सरकत गेली. शिवरात्र. होळी. आणि मग धुळवड.

धुळवडीच्या तारखेपुढे आकडा होता. पाणी म्हणे नेहमीइतकंच, मध्यम.

त्या दुपारी पाणी बांधावरून उसळलं होतं, आणि फोटो पाठवणारा माणूस त्या पाण्याखाली होता. मग मेलेल्या माणसानं नोंद पाठवली कशी?

४

निकेत धुळवडीपासून कॉलेजात आला नव्हता. फोन बंद. म्हणजे झालं की! फोटो नसताना आकडे मनानं ठोकून द्यायचे, आणि अंगाशी आलं की दडी मारायची. तेजस्वी सकाळची एसटी पकडून थेट मुरुडला त्याच्या घरी गेली. नारळाच्या वाडीत निकेत सोललेल्या नारळांच्या ढिगापाशी नुसताच बसला होता. दाढी वाढलेली.

"मेलेल्या माणसाची नोंद लिहितोस, लाज नाही वाटत?" ती उभ्याउभ्याच म्हणाली.

निकेत रडायलाच लागला. एवढा मोठा घोडा, पण हमसून हमसून रडला.

"एकही आकडा मी मनानं लिहिला नाही गं. आईशप्पथ. ज्या दिवशी फोटो आला त्या दिवशी आकडा लिहिला. नाही आला तर घर रिकामं ठेवलं. मग मॅडमनी पहिल्या महिन्यात शिकवलं ते केलं. रिकामी घरं थोडी असतील तर बाकीच्यांची सरासरी भरायची. एक ओळ लिहिली की आपोआप भरतात. शीट मी पुढच्या तारखांपर्यंत ओढून ठेवली होती. धुळवडीचं घरही आपोआप भरलं."

तेजस्वी खाली बसली. तिनं मोबाइलवर नोंदी पुन्हा उघडल्या. बरोबर! कोंडाजीच्या पट्टीवर नुसते ठोकळ आकडे दिसायचे. पण मधूनमधून एक लांबलचक दशांशाचा आकडा येत होता, आणि प्रत्येक वेळी तोच. सरासरी. इतके दिवस तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

"घरं का रिकामी होती, ते विचारलंस का कोंडाजीकाकांना?"

"थोडीच तर होती," निकेत म्हणाला. मग बारीक आवाजात, "विचारायचं राहिलं. मॅडमनी शाबासकी दिली होती ना, काम किती स्वच्छ आहे म्हणून."

त्यानं फोन चालू करून तिच्या हातात दिला. त्यात कोंडाजीचे सगळे फोटो होते. खांब, रंगवलेली पट्टी, पाण्याची रेघ. सुरुवातीचे फोटो लख्ख. मग दिवाळीनंतर काही फोटोंच्या कोपऱ्यात एक करडा, धुरकट डाग दिसायला लागला. दोन-तीन दिवस राहायचा, हळूहळू जायचा, पुन्हा यायचा.

"काच खराब झाली असेल त्यांच्या फोनची," निकेत म्हणाला.

"खराब काच आपली आपण बरी होते का रे?" तेजस्वी म्हणाली. तिनं एक फोटो मोठा केला. डागात बारीक बारीक वळणाच्या रेषा होत्या. तो अंगठ्याचा ठसा होता.

५

घरी तळ्याला पोचल्यावर तेजस्वीनं स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. आई ओरडली, तिथे दुधाचा हिशोब आहे म्हणून. ओरडू दे. ज्या दिवशी फोटो नव्हता त्या तारखेवर तिनं तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली, आणि ज्या फोटोत डाग होता तिथे गोल.

फुल्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे उधाणालाच. धनेश खरं बोलत होता! आणि तिचं मन खचलं. गोदूकाकीला जाऊन काय सांगायचं, की गाव म्हणतं तेच बरोबर?

ती बराच वेळ फुल्यांकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की भाद्रपदातल्या उधाणांवर फुली नाही. आश्विनातल्या नाही. तेव्हा उधाण नव्हतं का? चांगलं मोठं होतं. फुल्या सुरू होतात त्या दिवाळीनंतर.

आता बघा. कोंडाजी विनेशसाठी पिल्लं धरत असता, तर फोटो पावसाळ्याच्या शेवटी चुकले असते. पिल्लं तेव्हा येतात. त्या दिवसांचे फोटो सगळे हजर होते. दारू पिऊन पडत असता, तर काय दिवाळीनंतरच प्यायला शिकला, आणि तेही पंचांग बघून? फुल्यांनंतर लगेच गोल. प्रत्येक फुलीनंतर गोल, एकही चुकला नाही. उधाणाला फोटो नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोवर चिखलाचा अंगठा.

चिरा पडलेली बोटं. खेकड्यांनी आणलेला वात.

"अगं बाई," तेजस्वी मोठ्यानं म्हणाली.

सकाळी ती वेळूखारला गेली ती थेट बांधाच्या दूरच्या वळणावर. खांडीच्या दोन्ही बाजूंना बांधाचा जो भाग उभा राहिला होता, तो तिनं खाली उतरून बघितला. खेकड्यांच्या बिळांनी माती चाळणीसारखी झाली होती. आणि त्या चाळणीत, हात पोचेल त्या उंचीपर्यंत, करड्या चिखलात पेंढा कालवून केलेले गोळे दाबून दाबून बसवलेले. जुने वाळलेले, त्यांच्यावर नवे, त्यांच्यावर आणखी नवे. गोळ्यांवर बोटं उमटलेली होती. तेजस्वीनं त्या ठशांवर आपली बोटं ठेवली आणि तिला रडू आवरेना.

उघाडीचा खांब तिथून दिसतसुद्धा नव्हता. भरती भरते तेव्हा बांध पाझरतो. पाझरतो तेव्हा माणूस इथे लागतो. आणि फोटो काढायचा तर नेमका तेव्हाच तिथे.

"पण भरती उतरल्यावर जाऊन फोटो काढता आला असता की!" ती गोदूच्या ओटीवर बसून म्हणाली. "थोडा उशीर झाला असता, एवढंच."

"मॅडमनी नको सांगितलं होतं," गोदू म्हणाली. "पट्टी रंगवली तेव्हा सगळ्यांसमोर बोलल्या. भरती भरलेली असंल तेवाच फोटो. नंतरचा पाठवू नका, ती खोटी नोंद. ह्यांनी कान पकडला. म्हनाले, खोटं पाठवायचं न्हाय."

"मग फोन तरी करायचा ना, की बांध पाझरतोय!"

"अध्यक्षांना सांगितलं माघात. ते म्हनाले, कागद आलाय कॉलेजचा, धोका न्हाय." ती तेजस्वीकडे बघत नव्हती, बाहेर वाटेकडे बघत होती. "आनी तुमाला सांगायचं कशाला? तुमी येनारच होतात."

"म्हणजे काय, काकी?"

"मॅडमच बोलल्या नव्हत्या का? एखादी नोंद चुकली, तर आमी सोता येऊन विचारू, काय झालं म्हनून. हे दर उधानाला चिखलात राबून यायचे, हात धुवायचे न्हाय आनी म्हनायचे, गोदू, आज फोटो न्हाय पाठवला. आता येतील बघ त्या. चहाला दूध ठेव." तिनं पदर तोंडाला लावला. "दर उधानाला मी दूध ठेवायचे, बाय."

६

मॅडमला सांगायचं कसं, हा प्रश्न तेजस्वीला पडलाच नाही. पहिल्यांदा काकीला सांगायचं होतं, ते सांगून झालं होतं. दुसरं सांगताना तिनं काहीही मऊ केलं नाही. तिला राग आला होता, आणि ज्या बाईवर राग आला होता तिच्याकडूनच ती सगळं शिकली होती, म्हणून जास्त आला होता.

भाविका मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग संगणकापाशी जाऊन एकच काम केलं. निकेतनं भरलेल्या सरासऱ्या पुसल्या आणि आलेख पुन्हा काढला. ज्या जागी अहवालात सरळ रेघ होती, तिथे भोकं पडली. प्रत्येक भोक उधाणाच्या माथ्यावर.

"सगळ्यात उंच पाण्याचे दिवस गेले," त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्या जागी आपण मधलं पाणी भरलं. मग काय, बांधाला धोका नाही. मी विचारलंच नाही गं तेजू. भोकं दिसली असती तर विचारलं असतं. पण ती बुजवायला मीच शिकवलं होतं."

"निकेतला वाटतंय त्यानं मारलं."

"त्याला सांग, अहवालावर सही माझी आहे."

पाडव्याला देवळात गाव जमलं. गुढ्या उभ्या होत्या, पण कुणाच्या तोंडावर सण नव्हता. धनेशनं कागद पुढे ओढला तशी तेजस्वी उठली. तिनं तळ्याहून आणलेलं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खांबाला टांगलं. आकडे सांगितले नाहीत. फुल्या दाखवल्या, गोल दाखवले, आणि मग अंगठ्याचा ठसा उमटलेला फोटो हातोहात फिरवला.

"कोंडाजीकाका बांधावर नव्हते असं तुम्ही ज्या दिवसांवरून म्हणता, नेमक्या त्याच दिवशी ते बांधावर होते. वळणावर जाऊन बघा. गोळे अजून आहेत. पिल्लं धरायच्या दिवसांत त्यांचा एकही फोटो चुकला नाही. चुकले ते बांध पाझरायला लागल्यानंतरचे. ते बुजवत होते म्हणून फोटो नाही, आणि उशिरा काढून पाठवणं त्यांना खोटं वाटलं म्हणून नंतरही नाही. धुळवडीलाही ते तिथेच होते. एकटे."

"एकटा का गेला पण?" मागून कुणीतरी ओरडलं. "हाळी द्यायची होती!"

"दिली होती," विनेश म्हणाला. तो खांबाला टेकून उभा होता. "माघात धनेशभाऊला दिली होती. तेव्हा मी तिथं होतो. आनी आपन सगळ्यांनी पाळी बंद केली, ती काय त्यानं केली?"

धनेशनं कागद हातात धरला होता, तो हळूच खाली ठेवला. "अहवाल होता," तो पुटपुटला. "मला काय कळतंय त्यातलं. शिकलेली माणसं बोलली, मी मान हलवली."

मग भाविका मॅडम पुढे झाल्या. बायकांच्या बाजूला, भिंतीशी गोदू बसली होती, तिच्यासमोर त्या खाली बसल्या. भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काकी, अहवाल चुकीचा होता. तो मी दिला. कोंडाजीदादांनी न पाठवलेला प्रत्येक फोटो म्हणजे त्यांनी मारलेली हाक होती, आणि मी ती पुसून टाकली. नोंद चुकली तर येईन म्हणाले होते. आले नाही."

सगळं गाव गोदूच्या तोंडाकडे बघत होतं. शिव्या दे म्हणावं, रड म्हणावं, काहीतरी कर. तिनं मॅडमकडे बघितलं.

"म्हंजे ते वाट बघत होते," ती शेवटी म्हणाली, "ते येडेपना न्हवता?"

"नव्हता, काकी."

"मी हसायचे त्यांना. दूध नासवता म्हनून भांडले पन एकदा." आणि मग, इतके दिवस जिनं गावासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती बाई मोठ्यानं रडली. सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. धनेशनं कागद फाडला, पण तो फाडताना कुणी बघितलंसुद्धा नाही.

७

नारळी पुनवेला पहिला नारळ गोदूनं फोडला. नव्यानं बांधलेल्या वळणावर फोडला, उघाडीवर नाही. तशी तिची मागणी होती आणि गावानं ती मानली. नवा राखणदार ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा ती म्हणाली, मी हाय की. उधाणाची पाळी पुन्हा सुरू झाली होती, ती एकटी नसणार होती.

पट्टीचा फोटो आता गोदू पाठवायची. सल्ला केंद्रात नोंदी तेजस्वी लिहायची आणि निकेत तपासायचा. संगणकातली ती भरणारी ओळ मॅडमनी काढून टाकली होती. नव्या पोरांना पहिला धडा आता वेगळा होता. घर रिकामं दिसलं की हात आवरा आणि चपला घाला.

भाद्रपदातल्या एका दिवशी फोटो आला नाही. उधाण नव्हतं, वारं नव्हतं, काही नव्हतं. तेजस्वीनं दुपारपर्यंत वाट बघितली. फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग तिनं मॅडमला हाक मारली, आणि दोघी मिळेल त्या एसटीनं निघाल्या. वेळूखारच्या फाट्यावर उतरल्यावर तेजस्वी तर पळतच सुटली, मॅडम मागून धापा टाकत.

गोदू ओटीवर बसली होती. धडधाकट. शेजारी फोन, आत चुलीवर चहाचं आधण.

"काकी! काय झालं? बांध?"

"बांधाला काय धाड भरलीय. बरा हाय." गोदूनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. घामानं डबडबलेल्या, मॅडमच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला. "मुद्दाम न्हाय पाठवला आज. म्हटलं बघू, येतात का."

तेजस्वीला रागही आला आणि रडूही आलं. मॅडम ओटीवर टेकल्या.

गोदू आत गेली. चुलीपाशी कपांचा आवाज झाला, दुधाचं भांडं उतरल्याचा आवाज झाला. आणि मग ती कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलताना ऐकू आली. आत तर दुसरं कुणी नव्हतं. कोनाड्यात कोंडाजीचा फोटो होता तेवढा.

"अवो," ती म्हणत होती, "आल्या बघा त्या."